लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. पौड.

नवा संगणक आला. आरिफानं बंगळुरूहून पाठवला. कन्येनं पित्याला केलेलं दान. शास्त्रात याला नाव सापडत नाही. खोकं घेऊन आलेल्या माणसानं दारावरची पाटी दोनदा वाचली. 'अलाउद्दीन' आणि खाली 'एम. ए. (संस्कृत), वार्ताहर'. म्हणाला, "सर, हे सगळं तुम्हीच?" मी म्हटलं, "आलटूनपालटून."

जुना संगणक दिवाळीत गेला तो गेलाच. भंगारवाल्यानं तो तराजूत टाकला तेव्हा मला उगीच मान फिरवावीशी वाटली.

हा नवा मात्र फार चौकस आहे. नाव विचारलं, पत्ता विचारला, फोन नंबर विचारला, मग म्हणाला चेहरा दाखवा. पोलीस पाटीलसुद्धा सोयरीक जुळवताना एवढं विचारत नाही. चेहरा दाखवल्यावर कोपऱ्यात बातम्या सांगू लागला, कुठल्या नटीचा घटस्फोट झाला वगैरे. सव्वीस वर्षं मुळशी तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या माणसाला आता त्याचं यंत्र बातम्या सांगणार.

आमची बायको मुनीरा म्हणाली, "वाजवी बोलतोय. तुम्ही ऐकून घ्यायची सवय लावा."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज लीलाबाईंचं चित्रीकरण केलं. तब्येतीनं लिहून ठेवतो.

नांदे गावाच्या पुढे टेकाडाच्या पोटाशी आमचं जुनं कब्रस्तान आहे. अकरा गुंठे. आम्ही पौडला आलो, बाकीची घरं पिंपरी-भोसरीला गेली. गेल्या चोवीस वर्षांत तिथं कुणाला पुरलेलं नाही. कबरी सगळ्या कच्च्या. दगड नाही, नाव नाही. आमच्याकडची रीतच ती. चार पावसाळ्यांत उंचवटा बसतो, वर गवत येतं, आणि माणूस मातीत मिसळला असं म्हणायला आपण मोकळे होतो. रीत चांगलीच आहे. तिथं कुणी बारा मजली इमारत बांधायला येईल हे रीत घालणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

ही जागा लीलाबाईंचे सासरे नथू यांनी तोंडी दिलेली. कागद नाही. सातबाऱ्यावर पडीक जमीन. लीलाबाईंचा पुतण्या राजू यानं शेजारच्या रानासकट ती गृहयोजनेला विकली. कागदाप्रमाणं त्याची काही चूक नाही. गेल्या महिन्यात सगळ्यांसमोर बैठक झाली. योजनेचा मॅनेजर गोड माणूस, म्हणाला, "मोजणीच्या दिवशी जेवढ्या कबरी खात्रीनं दाखवाल तेवढी जागा सोडतो. लिहून देतो." दिलंही लिहून.

खात्रीनं दाखवणारं माणूस आता एकच. लीलाबाईच, आमच्या लीलाक्का, वय शहाऐंशी. त्यांच्या शेताचा बांध कब्रस्तानाला लागून. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हापासूनची प्रत्येक माती त्यांनी बांधावरून बघितलेली.

काठी टेकत पुढे त्या, मागे फोन धरून मी.

"हितं करीम पिंजारी. साप चावला, पान लागून गेला. ह्यो पायथ्याला त्याचा भाव. जित्तेपणी दोगांचं येक दिस पटलं न्हाई. आता बग कसं गुण्यागोविंदानं हायेत."

"आक्का, नाव जरा मोठ्यानं."

"त्यास्नी ऐकू जातंय, तुला न्हाई व्हय? ही जुलेखा तांबोळीण. लई ग्वाड बाई. माज्याकडनं शेरभर तांदूळ न्हेला तो राह्यलाच." मग थांबून माझ्याकडं वळल्या. "पेपरवाल्या, फोनमदी बघतुयास का जिमिनीकडं?"

"फोनमध्ये. चित्र हलायला नको."

"बरं. मंग फोनच ठीवल ध्यानात."

सदतीस झाल्या. शेवटची बांधाच्या जवळ. काठी टेकवून म्हणाल्या, "आन् ह्ये मुनीराचं लेकरू." आणि काठी तिथून उचलली नाही. मीही चित्र हलू दिलं नाही.

तीन दिवसांचा होता. मीच नेला होता, या दोन हातांवर. बाभळीजवळ, एवढंच मला आठवत होतं. आज बघितलं तर तिथं बाभूळ नाही. एकटा गेलो असतो तर मला दाखवता आलं नसतं.

घरी मुनीरानं विचारलं, "सगळ्या दाखवल्या?" मी म्हटलं, सगळ्या. पुढं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बायका कब्रस्तानात जात नाहीत. तिला तिथलं काय कळणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फोन म्हणाला जागा संपली. चित्रीकरण पेनड्राइव्हवर घेतलं. नव्या संगणकावर ठेवलं नाही. तो सगळं परस्पर ढगात पाठवतो म्हणे, आणि लीलाक्कांना ढगात धाडण्याची घाई मला नाही.

पेनड्राइव्ह कुठले, तर त्याच गृहयोजनेच्या पत्रकार परिषदेतले. आम्हा वार्ताहरांना दर परिषदेत एक मिळतो, आत जाहिरातीची फिल्म. हे घराच्या किल्लीच्या आकाराचे, पितळी रंगाचे. एक माझा आणि एक सहवार्ताहर अण्णासाहेबांच्या वाट्याचा. ते आले नाहीत म्हणून तोही माझ्याच खिशात आला. हुबेहूब जुळे. म्हणून चित्रीकरणाच्या किल्लीला मुनीराच्या शिलाई मशीनवरचा लाल दोरा बांधला. अर्थ: इथं लीलाक्का आहेत, हात लावू नये. चिठ्ठी चिकटवणार होतो. पण पाठशाळेत बंडोपंत शास्त्री म्हणायचे, जे लिहून ठेवावं लागतं ते तुला येत नाही असं समज. त्यांच्या छडीखाली शेकडो श्लोक सुलट-उलट म्हटलेल्या माणसाला एका दोऱ्याचा अर्थ लक्षात राहायला हरकत नाही.

दोन्ही किल्ल्या पेनांच्या डब्यात ठेवल्या. फोनमधून चित्रीकरण काढलं, त्याची कचरापेटीही रिकामी केली. स्वच्छता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संगणकानं आज बातमी टंकत असताना मधेच स्वतःला अद्ययावत केलं. पाऊण तास. माझी महाळुंग्याच्या पाणीटंचाईची बातमी त्यात वाहून गेली.

स्वानंदला फोन केला. तो पॉलिटेक्निकात शिकवायचा, आता निवृत्त होऊन महाळुंग्याला सातव्या मजल्यावर राहतो आणि लिनक्स या संगणकप्रणालीचा प्रचार करतो. नवा धर्म घेतलेल्या माणसाची कळकळ आहे त्याच्यात. म्हणाला, "अरे, घर तुझं, भाडेकरू तुला विचारल्याशिवाय भिंती पाडतोय. हाकलून दे. लिनक्स टाक. फुकट, स्वतंत्र आणि गप्प." 'गप्प' या विशेषणानं मला जिंकलं.

मुनीरा सकाळच्या एसटीनं नांद्याला, लीलाक्कांकडं तुपाला. महिन्यातून दोनदा जाते. रेश्मा, म्हणजे आक्कांची नात, परवा सहज म्हणाली की म्हैस विकून तीन वर्षं झाली. मी मुनीराला विचारलं, मग तूप कुठलं? म्हणाली, "त्या शेजारून घेऊन ठेवतात." पाव किलो तुपाला अर्धा दिवस. चपलांना माती. मी म्हटलं, "म्हैस धुवूनच आलीस की काय?" हसली नाही. हल्ली विनोद वाया जातात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लीलाक्का गेल्या. पहाटे, झोपेत. दुपारी माती झाली. मुनीरा आपल्या आईच्या वेळी रडली नव्हती एवढी रडली. मी जरा संकोचलो. तुपाचा संबंध तो.

रेश्मा डोळे पुसत म्हणाली, "काका, आक्कीचं शूटिंग हाय न्हवं तुमच्याकडं?"

"आहे."

"मंग झालं. आता त्येच हाय."

३० नोव्हेंबर, रविवार

मोजणीची नोटीस आली. २२ डिसेंबर, सकाळी अकरा.

४ डिसेंबर, गुरुवार

लिनक्सची सिद्धता. ते आधी एका पेनड्राइव्हवर चढवायचं आणि मग त्यावरून संगणकात उतरवायचं. स्वानंद फोनवर पुरोहितासारखा एकेक विधी सांगत होता. पौडचं इंटरनेट मंद, सहा तासांनी फाइल उतरली.

"आता कोरा पेनड्राइव्ह घे. त्याच्यावरचं सगळं जातं, लक्षात ठेव. आणि त्याला काहीतरी खूण कर, नाहीतर नंतर गोंधळ घालशील."

खूण करायला म्हणून डबा उघडला तर एका किल्लीला लाल दोरा बांधलेलाच! पूर्वी कधीतरी याच कामासाठी मी बांधून ठेवलेला असणार. स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटलं. दोऱ्याची किल्ली लावली. पडद्यावर गृहयोजनेचं नाव आलं. ते दोन्हींवर येतंच.

तेवढ्यात मुनीरा दारात येऊन दोऱ्याबद्दल काहीतरी विचारू लागली. एका कानाला स्वानंद होता. मी हात वर करून 'थांब' म्हटलं. ती थांबली, मग गेली. पडद्यावर प्रश्न आला: यावरील सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचे? मी 'हो'वर टिचकी मारली.

स्वानंद म्हणाला, "शाब्बास."

५ डिसेंबर, शुक्रवार

झालं. चाळीस मिनिटांत जुना भाडेकरू सामानासकट बाहेर. नव्या व्यवस्थेनं काही विचारलं नाही, चेहरा नको म्हणाली, बातम्या सांगितल्या नाहीत. मराठी अक्षरं अशी स्वच्छ की आपलंच लेखन सुधारल्यासारखं वाटतं. देवनागरीत पहिलं वाक्य टंकलं आणि बराच वेळ त्याकडं बघत बसलो. आरिफाला फोन केला. तिला वाटलं मी आजारी आहे.

मुनीराला बोलावून दाखवलं. म्हणाली, "छान आहे. डब्यातलं जपून ठेवलंय ना?" मी म्हटलं, माझी स्मरणशक्ती तपासायला तू बंडोपंत नाहीस.

९ डिसेंबर, मंगळवार

रेश्मा आली होती. तिनं कब्रस्तानासाठी धरलेल्या वकिलांना चित्रीकरण आधी बघायचंय. डब्यातली बिनदोऱ्याची किल्ली दिली. दोऱ्याची लिनक्सवाली, ती माझ्याकडं. एकदा लावून बघणार होतो, पण तिची बस होती. किल्ली हातात घेऊन म्हणाली, "त्यांच्याच घराची चावी आन् आमची आक्की आत." पोरीच्या जिभेला आजीची धार आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

अकरा वाजता रेश्माचा फोन.

"काका, ह्याच्यात पवायचा हौद हाय."

"काय?"

"पवायचा हौद. बाग हाय. गोरी बाई बाल्कनीत उभी राहून च्या पितीय. आक्की कुटं न्हाई. वकील म्हनत्यात दुसरी द्या."

मी म्हटलं, दुसरी देतो. फोन ठेवला. डबा उघडला. दोरा बघितला. मग १५ नोव्हेंबरचं पान उघडून वाचलं, माझ्याच अक्षरात.

आज एवढंच.

१७ डिसेंबर, बुधवार

बसनं महाळुंग्याला गेलो, किल्ली मुठीत. स्वानंदनं दार उघडलं आणि माझा चेहरा बघून लिनक्सची चौकशी केली नाही. पुसलेलं परत आणायचे काही उपाय असतात. सकाळी दहापासून चारपर्यंत तो ते करत होता. मी त्याच्या गॅलरीत उभा राहून खालचे खड्डे मोजत होतो. प्रत्येकात एक इमारत येणार आहे.

नऊ सेकंदं मिळाली. आवाज नाही. वाळलेलं गवत, काठीचं टोक, आक्कांच्या वहाणा. वहाणा चालतात आणि चित्र फुटतं. कुठल्या कबरीजवळचं, ते कळत नाही.

स्वानंद म्हणाला, "मी म्हटलं होतं तुला, सगळं जातं."

"म्हटलं होतंस."

"खूण कर म्हटलं होतं."

"केलेली होती."

त्यानं चहा दिला. तो प्यालो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी एकटाच कब्रस्तानात गेलो. नावं मला येतात. सदतीसच्या सदतीस, आक्कांनी घेतली त्या क्रमानं, उलटीसुद्धा. शास्त्रीबुवांनी कान घडवले होते, त्यांचं काम चोख. गवतात उभा राहून म्हटली. करीम पिंजारी, त्याचा भाऊ, जुलेखा तांबोळीण. पण पाऊल कुठं टाकायचं ते कळेना. मी त्या दिवशी जमिनीकडं बघितलंच नव्हतं. दोन तास फिरलो. उंचवटा वाटला तिथं वारूळ निघालं.

रेश्माला खरं सांगितलं. तिला वाटलं मी मस्करी करतोय. मग म्हणाली, "काका, राजूकाकानं तुमाला काय दिलं?" ती असं म्हणेल हे मला सुचलं नव्हतं. लगेच म्हणाली, "न्हाई, तुमी तसलं न्हाई. म्हाईत हाय." पण विचारून झालं होतं. आता हे गावात आणखी कुणीतरी विचारणारच. मलाही ती बातमी म्हणून सांगितली असती तर मी हेच विचारलं असतं.

मुनीराला सांगितलेलं नाही. जेवताना तिनं विचारलं, "सोमवारी किती वाजता?"

"अकरा. तू कशाला? बायका येत नाहीत तिथं."

"बरं," म्हणाली आणि ताटात भात वाढला.

२२ डिसेंबर, सोमवार

लिहून काढतो.

मोजणीवाले, मॅनेजर, राजू, रेश्मा आणि तिचे वकील. पिंपरीहून आमच्यातले चारजण, त्यातल्या दोघांनी ही जागा आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मोजणीचे साहेब सरळ माणूस, हातात नकाशा.

"दाखवा."

मी चित्रीकरणाचं सांगितलं. माझ्याकडून पुसलं गेलं, असं सगळ्यांसमोर म्हटलं. मॅनेजरनं मान खाली घातली. त्याला खरंच वाईट वाटत असावं. मग मी नावं म्हणायला सुरुवात केली. का, ते मला माहीत नाही. बारा-तेरा झाली असतील.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "नावं नकोत हो. जागा दाखवा."

मी थांबलो. राजू पुढं आला. "सायेब, हितं हायेत, ह्ये खरं हाय. आक्की लहानपनी सांगायची आमाला. पर कुटं कोन, ते न्हाई माज्या ध्यानात. असतं तर सांगितलं असतं, चुलतीच्यान." त्याच्यावर रागवायची सोयही राहिली नाही.

तेवढ्यात रेश्मा म्हणाली, "काकी आल्या."

मुनीरा आक्कांच्या बांधावर उभी होती. एसटीनं आली असणार. डोक्यावरून पदर, हातात तुपाच्या रिकाम्या बरणीची नेहमीची पिशवी. नेहमीच्या जागी उभी राहावी तशी उभी होती.

"एक मी दाखवते," म्हणाली.

साहेब म्हणाले, "खाली येऊन दाखवा, बाई."

"मी कधी खाली उतरले नाही. आम्हाला चालत नाही. इथूनच बघायचे. बांध आक्कांचा होता, तिथं उभं राहायला त्यांची ना नव्हती." मग चपला काढल्या आणि उतरली. सात पावलं मोजली, उगवतीकडं. वाकून गवत बाजूला केलं. मुठीएवढा पांढरा धोंडा निघाला.

रेश्मा म्हणाली, "व्हय, सायेब. आक्कीनं ठिवलाय त्यो. नदीवरनं आनला व्हता. काकी आल्या की दोगी हितं बांदावर बसायच्या."

साहेबांनी मॅनेजरकडं बघितलं. त्यानं मान हलवली. "ही सोडू."

"बाकीच्या?" साहेबांनी मुनीराला विचारलं. तिनं सगळ्या गवतावरून एकदा नजर फिरवली. मला वाटलं आता ती बोट करील. पण म्हणाली, "त्यांनी मला एकच दाखवली होती. मी बाकीच्या विचारल्या नाहीत. विचारायला हव्या होत्या."

माणसांनी पांढरी फक्की टाकली. तीन फूट बाय दीड फूट. भोवती अकरा गुंठे मोकळे. साहेबांनी पंचनाम्याचा कागद गुडघ्यावर घेतला.

"नाव?"

मी म्हणणार होतो, नाव नव्हतं. तीन दिवसांचा होता, सातव्या दिवशी ठेवतात. आक्काही म्हणाल्या होत्या नुसतं मुनीराचं लेकरू.

"अरहान," मुनीरा म्हणाली.

साहेबांनी लिहिलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. माण गाव मागं गेल्यावर मी म्हटलं, "मुनीरा, तो दोरा—"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दारात उभी राहून विचारलं होतं मी, की लाल दोऱ्याची आक्कांचीच ना. तुम्ही हात वर केलात. मला वाटलं, तुम्हाला आठवत असणार."

२४ डिसेंबर, बुधवार

संगणक उत्तम चालतो. काही विचारत नाही.

सकाळी त्यावर एक तक्ता केला. दोन रकाने: नाव आणि जागा. सदतीस नावं क्रमानं टंकली, एकही अडलं नाही. सदतिसाव्यापुढं 'अरहान' घातलं आणि शेजारी लिहिलं: बांधापासून सात पावलं, उगवतीला.

मग वर करीम पिंजाऱ्यापाशी आलो. मुनीरा दारात उभी होती. या वेळी मी हात वर केला नाही. ती काही विचारील म्हणून वाट बघितली. तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, छत्तीस मोकळ्या घरांसकट, आणि चहा ठेवायला गेली.